नकारानंतरचा ‘अँड’



समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक ही उभयान्वयी अव्ययांची यादी आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली आहे. ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ बरोबरीची वाक्यं जोडतात आणि ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘दो’ एका वाक्याला दुसऱ्याच्या अंकित करतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात मांडत आलो आहे. उभयान्वयी अव्यय आपण गाळलेल्या जागेत भरायला शिकवतो आणि तिथेच थांबतो. हा शब्द कशाला कशाशी जोडतो आणि वाक्यात नकार असेल तर तो प्रत्येकावर वेगवेगळा लागू होतो की सगळ्यांवर मिळून एकदाच, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर त्याला व्याकरण आलं असं मी म्हणणार नाही.

नाट्यगृहाच्या दारावर पाटी असते, ‘आत खाद्यपदार्थ आणि पेये आणू नयेत.’ फक्त वडा घेऊन आत शिरणारा ‘पेय कुठे आणलंय?’ असं म्हणून सुटत नाही. (हशा) आता महामार्गावरची इंग्रजी पाटी पाहा, ‘डोन्ट ड्रिंक अँड ड्राइव्ह.’ न पिता गाडी चालवायला या पाटीची हरकत नाही आणि घरी बसून पिण्याबद्दलही ती काही बोलत नाही. दोन्ही एकत्र नकोत, एवढंच तिचं सांगणं. नकार दोन्हीकडे आहे, जोडणी ‘आणि’चीच आहे, तरी पहिल्या पाटीत प्रत्येक गोष्टीला बंदी आहे आणि दुसरीत फक्त जोडीला. ऑगस्टस डी मॉर्गन या तर्कशास्त्रज्ञाच्या नावाने याचा नियमच आहे. त्यांचा जन्म 1806 साली आपल्याकडे मदुराईत झाला, हे जाता जाता. ‘दोन्ही नाहीत’ आणि ‘दोन्ही एकदम नाहीत’ हे वेगळं. दुसऱ्याचा अर्थ ‘एक तरी नाही’ एवढाच होतो.

हा फरक माणसाच्या आयुष्यावर कसा येतो, ते दोन मिनिटांत सांगतो. अमेरिकेने 2018 साली ‘फर्स्ट स्टेप अॅक्ट’ नावाचा कायदा केला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात कायद्याने ठरलेली किमान शिक्षा काही आरोपींना कमी करता यावी, म्हणून त्यात एक वाट रुंद केली. अट अशी, की आरोपीच्या नावावर तीन गोष्टी नसाव्यात. अ, जुन्या गुन्ह्यांना तिथे जे गुण देतात त्यांची चारपेक्षा जास्त बेरीज, त्यात एका गुणाचे किरकोळ गुन्हे धरायचे नाहीत. ब, तीन गुणांचा एखादा जुना गुन्हा. ‘अँड’ क, दोन गुणांचा एखादा हिंसक गुन्हा. म्हणजे आधी नकार, मग तीन कलमं आणि शेवटच्या दोहोंमध्ये एक ‘अँड’.

मार्क पल्सिफर नावाच्या आरोपीने मेथॅम्फेटामिन विकल्याचा गुन्हा कबूल केला होता. किमान शिक्षा पंधरा वर्षं. त्याच्या नावावर तीन-तीन गुणांचे दोन जुने गुन्हे होते, म्हणजे अ आणि ब दोन्ही होते. क मात्र नव्हता. त्याचं म्हणणं, ‘अँड’ आहे ना? मग तिन्ही एकदम असतील तरच मला वाट बंद. सरकारचं म्हणणं, तिन्हींपैकी एकही असता कामा नये. एकाला महामार्गाची पाटी दिसत होती, दुसऱ्याला नाट्यगृहाची.

खालच्या न्यायालयांत एकमत होईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 2024 मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला. त्यांनी दाखला कुणाचा द्यावा? एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या बालपुस्तकाचा! सुरवंट एकामागून एक पदार्थ पोखरत जातो, शेवटी ‘अँड’ येतो, आणि ‘पोखरला’ हे क्रियापद प्रत्येक पदार्थाला वेगळं लागू होतं. तसाच इथे नकार. पण मला त्यांचं गणित जास्त पटतं. कुणाकडे ब असेल तर तीन गुण झाले, क असेल तर आणखी दोन. बेरीज पाच. म्हणजे चारपेक्षा जास्त, अ आपोआप आलाच! तिन्ही एकदम लागत असतील तर अ लिहिला कशाला?

न्यायमूर्ती गोर्सच यांनी विरोधी मत लिहिलं. सोटोमेयर आणि जॅक्सन त्यांच्या बाजूला होत्या; नेहमीचे तट या एका शब्दाने मोडले. गोर्सच म्हणाले, संसदेला ‘ऑर’ लिहिता येतो, याच कायद्यात तिने तो लिहिलाही आहे. इथे ‘अँड’ लिहिला आहे, तर ‘अँड’च वाचा. या निकालाने हजारो माणसांची सवलत मागण्याची संधी गेली, हेही त्यांनी नोंदवलं. माझं मन विचाराल तर अर्थ केगन यांचा बरोबर वाटतो. पण वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं, आणि अशा वेळी शंकेचा फायदा आरोपीला मिळायला हवा होता. मसुदा लिहिणाऱ्याने ‘यांपैकी एकही’ असे दोन शब्द घातले असते, तर खटलाच उभा राहिला नसता.

(श्रोत्यांतून : हे वकिलांचं झालं, मुलांचं काय?)

मुलांचंच आहे, साहेब! उद्या भाडेकरार, विम्याचा कागद आणि नोकरीचं पत्र इंग्रजीतच त्यांच्या हातात पडणार आहे. तिथे पर्याय एक, दोन, तीन, चार नसतात. आणि पाठीमागून कुणी तर्खडकरांचं नाव घेतलं, ते मी ऐकलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान् पिढ्या इंग्रजीशी झटायला शिकवलं, तिच्याविरुद्ध मी अक्षर बोलणार नाही. मी भांडतोय तो पाठ्यपुस्तकातल्या गाळलेल्या जागांशी. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच, म्हणून आपला मुलगा ‘ऑल्दो’पाठोपाठ ‘बट’ लिहितो. ‘तो येत नाही तोपर्यंत’ या वळणावर ‘अनटिल’मध्ये नकार घालतो, खरं तर तो नकार त्या शब्दाच्या पोटातच असतो. आपण त्यावर लाल फुली मारतो. ‘तुझा नकार कुठून आला, दाखव बरं,’ असं कितीजण विचारतात? फुलीने त्याला चूक कळते, कारण कळत नाही. आठवडाभर हा एकच प्रश्न वर्गात विचारून पाहा. (टाळ्या)

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरली आहेत म्हणतात. मग ‘नायदर-नॉर’ आणि ‘अनलेस’ राहू द्या, पण दुधाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक. जादा कामाचा जादा पगार कोणत्या कामांना नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती. डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, साठवणं असं करत करत शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. हा ‘ऑर’ कशाला कशाशी जोडतो? ‘शिपमेंट’ला ‘डिस्ट्रिब्यूशन’शी जोडत असेल, तर दोन्हीसाठीचं पॅकिंग तेवढं यादीत येतं, माल पोचवणं येत नाही, आणि चालकांना पैसे मिळतात. डेअरी म्हणाली, छे, हा यादीचा शेवटचा ‘ऑर’ आहे, माल पोचवणं हे यादीतलं वेगळं काम आहे. नाहीतर यादीच्या शेवटच्या कामाआधी जोडशब्दच उरत नाही! मुद्दा बिनतोड वाटतो ना? चालकांनी उलट दाखवलं, की बाकीची सगळी कामं ‘इंग’ लावून लिहिली आहेत, ‘डिस्ट्रिब्यूशन’ तेवढं ‘शिपमेंट’सारखं नाम आहे. म्हणजे जोडी त्या दोघांची. ‘ऑर’आधी एक स्वल्पविराम असता तर वादच नव्हता. 2017 साली अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि संदिग्ध कायदा कामगाराच्या बाजूने वाचला. पुढे पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. राज्याने कलम नव्याने लिहिलं, प्रत्येक कामानंतर अर्धविराम दिला, ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं, आणि त्याआधी ‘ऑर’ ठेवला.