इंटरनेटची तार कोणत्या खात्यात?

अमेरिकेत गेली दहा वर्षं इंटरनेटचा सारा वाद एका शब्दाभोवती फिरतो आहे. घरात येणारी इंटरनेटची तार ही ‘दूरसंचार सेवा’ की ‘माहिती सेवा’? पहिलं मानलं, तर १९३४ च्या संचार कायद्यातले टेलिफोनचे नियम तिला लागतात. येईल त्याचा संदेश भेदभाव न करता पोचवायचा, दर वाजवी ठेवायचे. दुसरं मानलं, तर कंपनी जवळजवळ मोकळी. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१५ मध्ये पहिलं मानलं, २०१७ मध्ये दुसरं, २०२४ मध्ये पुन्हा पहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने, ही माहिती सेवाच, असा निकाल दिला. तार तीच; आयोगात बहुमत बदललं की तिची जात बदलायची!

या ओढाताणीत एक गोष्ट झाकली गेली. सार्वजनिक सेवेची कर्तव्यं दोन: भेदभाव न करणं आणि परवडेल अशा दरात सगळ्यांपर्यंत पोचणं. भांडण पहिल्यावरच झालं. २०१५ च्या आदेशातसुद्धा दर ठरवून देण्याचा अधिकार आयोगाने आपणहून बाजूला ठेवला होता. एखादी वेबसाइट मुद्दाम हळू करणं वाईटच, पण ज्याच्या घरी तारच पोचलेली नाही त्याला त्याचं काय? विजेचंही एकेकाळी असंच होतं. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, कारण विरळ वस्तीत खांब रोवणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज मिळालं आणि दिवे लागले. सहकाराची ताकद मराठी श्रोत्यांना वेगळी सांगायला नको.

दर बांधले तर गुंतवणूक आटेल, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाण्याची पाइपलाइन पन्नास वर्षं चालते. इंटरनेटची यंत्रणा सतत नवी करावी लागते. जिथे तीन-चार कंपन्या गिऱ्हाइकासाठी झगडतात, तिथे सरकारने दरात हात घालू नये, हेही मान्य. पण जिथे तार एकच, तिथे स्पर्धा कोणाची कोणाशी? मग अनुदान द्या, असं म्हणतात. तेही करून झालं. दरमहा ३० डॉलरपर्यंतच्या सवलतीचा लाभ २ कोटी ३० लाखांवर कुटुंबं घेत होती. २०२४ मध्ये पैसे संपले आणि योजना गुंडाळली गेली.

न्यूयॉर्क राज्याने दुसरी वाट धरली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना १५ डॉलरचा प्लॅन द्यायलाच हवा, असा कायदा केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०२४ मध्ये अपिलात हरल्या. गंमत अशी, की त्या खटल्यात २०१७ च्याच निर्णयानुसार इंटरनेट ‘माहिती सेवा’ गणलं गेलं, म्हणूनच राज्यांना दर बांधण्यापासून रोखण्याचा अधिकार केंद्रीय आयोगाकडे उरला नव्हता. ज्या शब्दासाठी कंपन्या झगडल्या, तोच उलटला. कायदा लागू होताच एटी अँड टी कंपनीने आपलं बिनतारी घरगुती इंटरनेट त्या राज्यात विकणं थांबवलं. ज्यांच्या तारा तिथल्या जमिनीत गाडलेल्या आहेत, त्या कंपन्या मात्र तिथेच आहेत.