गाडलेल्या रणभूमीचा शोध

[ नभोवाणीवरील भाषण ]



आमच्या शाळेच्या वस्तुसंग्रहाच्या कपाटांत एका लांकडी तबकांत शिशाच्या ११ गोळ्या ठेवलेल्या आहेत. त्या मींच तेथें ठेवल्या. आणि आजचें हें भाषण मी बव्हंशीं त्या गोळ्यांचें प्रायश्चित्त म्हणून करीत आहें, असें म्हटलें तरी चालेल.

१९९० सालीं पावसाळ्याच्या अखेरीस नववीच्या मुलांना घेऊन मी एका डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशीं गेलों होतों. एका शेताच्या बांधावरून चालतांना एका मुलाला बोराएवढी पांढुरकी, जड गोळी सांपडली. मग काय विचारतां! मुलें चहूंकडे पांगलीं, आणि तासाभरांत माझ्या रुमालांत ११ गोळ्या जमा झाल्या. शाळेंत परतल्यावर मुलांनीं त्या चिंच लावून घांसघांसून लखलखीत केल्या. मीं सुवाच्य अक्षरांत 'मराठेकालीन बंदुकीच्या गोळ्या' अशी चिठ्ठी लिहिली, आणि इतिहासाची मोठीच सेवा घडली अशा समाधानांत पुष्कळ वर्षें काढलीं.

त्याच वर्गांतील एक विद्यार्थी पुढें पुरातत्त्वाचा अभ्यास करून भेटावयास आला. तबक पाहून त्यानें विचारलें, "सर, ह्या नेमक्या कोणत्या ठिकाणीं सांपडल्या होत्या? एकत्र होत्या कीं विखुरलेल्या? ह्यांतल्या चार चपट्या झाल्या आहेत, त्या कोणत्या अंगाला होत्या?" मला एकाही प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. तो स्वभावानें गरीब, थोडा वेळ थांबून इतकेंच म्हणाला, "मग सर, हें आतां नुसतें शिसें उरलें."

हें सर्व आतां आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें एक धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, विकत आणलें. पूर्वीं जें लष्कराजवळ असे तें आतां कोणाही हौशी माणसास घरपोंच मिळतें. घरांत शिरतांच तो म्हणाला, "काका, तुमच्या त्या गोळ्यांच्या डोंगरावर जाऊं या!"

या यंत्राचें तत्त्व मॅट्रिकला पदार्थविज्ञान शिकलेल्या कोणासही कळण्याजोगें आहे. मीही त्यापुढें शिकलेला नाहीं. दांड्याच्या टोकाशीं ताटलीएवढें कडें असतें व त्यांत तांब्याच्या तारेचें वेटोळें. वेटोळ्यांतून क्षणोक्षणीं दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला कीं भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात. त्यांचा उलट परिणाम यंत्राला जाणवतो आणि कानांवरील हेडफोनांत सूर उमटतो. लहानशी गोळी असेल तर यंत्राची नजर फार तर वीतभर खोल पोंचते.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें असलें एक यंत्र १८८१ सालींच रचलें होतें. त्या वर्षीं २ जुलै रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, ती शरीरांत कोठें अडकली आहे हें शोधण्याकरितां. पण डॉक्टरांनीं एकाच अंगाला शोध घेऊं दिला, आणि रोग्याच्या खाटेंत धातूच्या स्प्रिंगा होत्या. बेलला यश आलें नाहीं व गारफील्ड सप्टेंबरांत वारले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें जमिनींतील सुरुंग शोधणारें, हातांत धरून चालण्याचें यंत्र तयार केलें व पेटंट न घेतां ब्रिटिश सैन्यास देऊन टाकलें. १९४२ मध्यें एल अलामीनच्या लढाईंत त्याचा उपयोग झाला. म्हणजे ज्या यंत्रानें आज जुन्या युद्धांचे अवशेष शोधतात, तें स्वतःही युद्धांतच वाढलें.

आपल्या सह्याद्रींत मात्र या यंत्राची थोडी फजिती होते. आपला काळा पाषाण लोहयुक्त खनिजांनीं भरलेला. त्यामुळें साधा दगडही कधीं कधीं धातूच्या थाटांत बोलूं लागतो. शिवाय बाटलीचें बूच, चांदीच्या वर्खासारखा सिगारेटचा कागद, बैलाच्या नालेचा तुकडा, सारेच आपापल्या परीनें ओरडतात. लोखंडाचा आवाज अजिबात बंद ठेवण्याची सोयही यंत्रांत असते, आणि नवशिके ती मोठ्या आनंदानें वापरतात. परंतु रणभूमीवर ती वापरणें म्हणजे बाणांचीं टोकें, घोड्यांचे नाल व तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या आपल्याच हातानें पुसून टाकण्यासारखें आहे.

यंत्र एकच, पण तें धरणारा हात कसा, यावर सारें अवलंबून. जर्मनींत इ. स. ९ मध्यें सेनापति वारुस याच्या हाताखालील तीन रोमन सैन्यदळें अरण्यांत कापलीं गेलीं, ती जागा कोणती याविषयीं विद्वानांत शेंकडों वर्षें वाद चालला होता. १९८७ मध्यें टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक ओस्नाब्रूक येथें होती. त्यास धातुशोधकाचा छंद. त्यानें प्रथम काय केलें, तर तेथील पुरातत्त्व-अधिकारी श्ल्यूटर यांची परवानगी घेतली. मग काल्क्रीझ या भागांत शोध करतां करतां त्यास सुमारें १६० रोमन चांदीचीं नाणीं मिळालीं. दुसऱ्या वर्षीं त्याच परिसरांत शिशाच्या तीन लहान ओबडधोबड वस्तु सांपडल्या. रूपाच्या दृष्टीनें त्यांत पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. पण श्ल्यूटर यांनीं ओळखलें, त्या गोफणीच्या गोळ्या होत्या. नाणीं व्यापाऱ्याचींही असूं शकतात. गोफणीच्या गोळ्या म्हणजे सैन्य आलें. पुढें पद्धतशीर उत्खनन झालें, तेव्हां वारुसच्या नांवाचा ठसा मारलेलीं तांब्याचीं नाणीं निघालीं, आणि गळ्यांतील घांटेंत गवत कोंबलेलें एक खेंचरही निघालें. बहुधा घांट वाजून शत्रूस चाहूल लागूं नये म्हणून. वाद अद्याप पूर्णपणें मिटला आहे असें नाहीं, परंतु वारुसचा नाश येथेंच झाला असें आज पुष्कळ अभ्यासक मानतात. क्लननें त्या तीन गोळ्या घरच्या तबकांत ठेवल्या असत्या तर?

दुसरें उदाहरण मला अधिकच विलक्षण वाटतें. अमेरिकेच्या मोंटाना प्रांतांत लिटल बिगहॉर्न नदीकांठीं २५ जून १८७६ रोजीं कस्टर नांवाचा घोडदळाचा अधिकारी व त्याच्या तुकडींतील सुमारें २१० माणसें लकोटा व शायेन या आदिवासी योद्ध्यांच्या हातून ठार झालीं. त्या तुकडींतील एकही शिपाई कथा सांगावयास उरला नाहीं. मग चित्रकारांनीं व नाटकमंडळ्यांनीं कथा रचली: टेंकडीवर झेंड्याभोंवतीं उभे राहून शेवटच्या काडतुसापर्यंत लढणारे वीर! आदिवासी योद्धे तर जिवंत होते. ते सांगत कीं शिपायांची शिस्त मोडली, ते भेदरून एकत्र घोळक्यानें जमले व लवकरच सारें संपलें. पण त्यांची साक्ष कित्येकांनीं मानली नाहीं.

१९८३ च्या ऑगस्टांत त्या माळावरील गवतास वणवा लागला व जमीन उघडी पडली. ही संधि साधून १९८४ व १९८५ सालीं डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनीं धातुशोधक चालविणाऱ्या हौशी माणसांची एक ओळ उभी केली. दोन माणसांत सुमारें ५ मीटरांचें अंतर. सूर उमटला कीं कोणीही वस्तु उचलावयाची नाहीं. तेथें एक लहान निशाण रोंवावयाचें व पुढें चालावयाचें. मागून दुसरी टोळी हलकेच माती दूर करी. तिसरी टोळी मोजणीच्या दुर्बिणीनें जागा नकाशावर मांडी, गोळीचें तोंड कोणत्या दिशेस आहे तें लिही, आणि मग ती वस्तु क्रमांक घालून पिशवींत जाई. अशा हजारों वस्तु जमल्या.

आतां ओळख पटविण्याची करामत ऐका. बंदुकीचा चाप ओढला कीं आंतील खीळ काडतुसाच्या बुडावर आदळते व तेथें खूण उमटते. ही खूण प्रत्येक बंदुकीची निराळी, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी. पोलिस खुनाच्या तपासांत जें करतात तेंच यांनीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वींच्या पुंगळ्यांवर केलें. घोडदळाजवळ स्प्रिंगफील्ड बनावटीची, एका वेळीं एकच काडतूस घेणारी बंदूक होती. योद्ध्यांच्या बाजूच्या शस्त्रांचे मात्र चाळीसांहून अधिक प्रकार निघाले. त्यांत हेन्री व विंचेस्टर या लागोपाठ अनेक बार काढणाऱ्या बंदुकाही. हेन्रीची पुंगळी कांठावर दोन खुणा घेऊन येते, त्यामुळें ती सहज ओळखतां येते. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या आधीं एका उंचवट्यावर, मग दुसऱ्या टेंकडीवर सांपडल्या. नांव-गांव ठाऊक नसलेला एक योद्धा त्या दिवशीं कोठून कोठें सरकला, तें पावलागणिक नकाशावर उमटलें! शिपायांच्या पुंगळ्या एका ठिकाणीं कवायतीच्या अंतरानें, तर पुढें एकत्र घोळक्यानें मिळाल्या, आणि शेवटच्या टेंकडीवर चित्रांतल्या घनघोर लढाईच्या मानानें फारच थोड्या. बंदुकींत पुंगळ्या अडकल्यामुळें घात झाला, असाही एक जुना बचाव होता. पण चाकूनें उचकटल्याच्या खुणा मोजक्याच पुंगळ्यांवर दिसल्या. फॉक्स यांनीं यावरून अनुमान काढलें कीं योद्धे सांगत होते तेंच पुष्कळसें खरें होतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्या टेंकडीवर शंभर वर्षें प्रवासी येत होते व आठवण म्हणून पुंगळ्या खिशांत घालून नेत होते. तेथें पुंगळ्या थोड्या सांपडल्या याचें एक कारण तेंही असूं शकेल. त्या प्रवाशांविषयीं वाचतांना मला माझा रुमाल आठवला.

वस्तु कशी ओळखावी, याविषयीं थोडेंसें. शिसें जमिनींत राहिलें कीं त्यावर पांढुरकी पुटी चढते. ती घांसूं नये, तीच त्या गोळीची ढाल आहे. वाटोळी गोळी जुन्या साध्या नळीच्या बंदुकीची. इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीच्या नळीचा व्यास पाऊण इंच, गोळी त्याहून किंचित् लहान. लांबट, बुडाशीं पोकळ गोळी दिसली तर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. ती १८१७ च्या खडकीच्या लढाईची म्हणून कोणी दाखवूं लागल्यास खुशाल मान हलवावी. पितळी पुंगळीच्या बुडावर के व एफ हीं अक्षरें व मध्यें बाण असेल तर ती खडकीच्याच, १८६९ सालीं निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतली. आमच्या शाळेंत एका पालकांनीं दिलेला लोखंडी तोफगोळाही होता. तो मीं एकदां वजन करून पाहिला, तर नेमका १६ पौंड भरला. तेव्हां आमच्या व्यायामशिक्षकांनीं तो शांतपणें उचलून गोळाफेकीच्या साहित्यांत नेऊन ठेवला!

कधीं कधीं मात्र एखादा चिमुकला बिल्ला माणसाचें घर शोधून देतो. फ्रान्समध्यें रिशबूर गांवाजवळ २०१६ सालीं खोदकाम चाललें असतां पहिल्या महायुद्धांतील दोन सैनिकांचे अवशेष निघाले. खांद्यावरील बिल्ल्यावर ३९ हा अंक होता. त्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असें कळलें, व २०१७ च्या नोव्हेंबरांत त्यांचें लष्करी सन्मानानें दफन झालें.

पण जमिनींतील सारेंच लोखंड मेलेलें नसतें. फ्रान्स व बेल्जियममध्यें १९१४-१८ च्या युद्धांतले न फुटलेले गोळे अजून दरवर्षीं नांगराला लागतात. २०१४ मध्यें बेल्जियमच्या ईप्र शहरांत असा एक गोळा फुटून दोन मजूर मेले. १९४४ च्या मार्चांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण सांगशाकला लढली, त्या मणिपुरांतही असे गोळे निघतात. आपल्याकडील सराव-मैदानांच्या आसपास भंगार वेंचतांना माणसें दगावलेलीं आहेत. तेव्हां तोफगोळा वा बाँब असावा अशी नुसती शंका आली तरी हात न लावतां मागें फिरावें व पोलिसांस कळवावें. पुतण्यास हें मीं दोनदां सांगितलें.

कायद्याचेंही सांगितलें. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणतां येत नाहीं. आपले कित्येक किल्ले असे संरक्षित आहेत. आणि १८७८ चा जुना निखात-निधीचा कायदा अजून जिवंत आहे: जमिनींत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तु मिळाली तर कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे. पुतण्या हिरमुसला. "मग काका, यंत्र घेऊन काय उपयोग?" मीं म्हटलें, आधीं माझें काम कर, त्या वर्गांतल्या मुलांचा पत्ता लाव.

नऊ जणांचा लागला. बहुतेकांना केवळ डबे व पाऊस आठवत होता. पण एकजण, जो आतां एस. टी. त कंडक्टर आहे, फोनवर म्हणाला, "सर, पहिली गोळी मलाच सांपडली. विहिरीच्या वरच्या बांधाला, आंब्याखालीं. आणि चपट्या सगळ्या ओढ्याकडच्या अंगाला होत्या, कारण चिखलांत माझी चप्पल तुटली होती."

आम्हीं दोघे जाऊन पाहून आलों. आंबा राहिलेला नाहीं. विहीर आहे, ओढाही आहे. यंत्र मुद्दाम घरींच ठेवलें होतें. तबकांतील जुनी चिठ्ठी काढून मीं नवी घातली आहे: 'शिशाच्या गोळ्या ११. इ. स. १९९०. एक विहिरीच्या वरच्या बांधावर, चपट्या चार ओढ्याच्या बाजूस, एका विद्यार्थ्याच्या आठवणीवरून. बाकी सहांचें स्थान अज्ञात. घांसल्यामुळें पुटी नष्ट.' तिची एक प्रत त्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास धाडली. त्याचें उलट पत्र आलें आहे. रीतसर परवानगीचा अर्ज तो करणार आहे, आणि ओळींत चालावयास एक माणूस कमी पडतो आहे, तुमचा पुतण्या येईल काय, असें त्यानें विचारलें आहे.