डोंगराच्या पोटातला जाळ



घर रोह्याचे आणि नोकरी पेणची, अशी माझी सत्तावीस वर्षे भूगोल शिकवण्यात गेली. भूगोल हा काही मुलांच्या आवडीचा विषय नव्हे. वारे आणि अक्षांश सुरू झाले की मागचे बाक पेंगायला लागत. पण एका धड्याला वर्ग टक्क जागा असे, तो म्हणजे ज्वालामुखी. फळ्यावर शंकू काढून मी लाल खडू हातात घेतला की सगळे गप्प! आणि तास संपताना दरवर्षी तोच प्रश्न : "सर, आपल्याकडे होईल का हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असे आणि, खरे सांगायचे तर, थोडी आशाही असे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर तर मुलांच्या आयासुद्धा रस्त्यात थांबवून हेच विचारत. एका मुलाने डोलवीच्या बाजूला रात्री आभाळ तांबडे होते, हा पुरावाच आणला होता. तो पोलादाच्या कारखान्याचा उजेड होता, पण त्याची पार निराशा करणे माझ्या जिवावर आले.

मी सांगत असे, बाळांनो, होईल का म्हणून काय विचारता, होऊन गेला! आपण त्याच्यावरच बसलो आहोत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, ते हे थर. इंग्रजीत याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

आपल्या मनातला ज्वालामुखी हा चित्रातला असतो : उंच शंकू, वर आग, खाली पळणारी माणसे. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला, त्याचा आवाज हिंदी महासागरात सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. असे ऐकले की अंगावर काटा येतो आणि आणखी ऐकावेसेही वाटते. आपला प्रकार निराळा होता. १७८३ मध्ये आइसलंडमध्ये लाकी येथे पंचवीसएक किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. आपल्याकडचे उद्रेक त्याच जातीचे, पण त्याहून कितीतरी मोठे.

त्या भेगांत जो रस थिजला त्याच्या उभ्या भिंती कोकणात जागोजाग सापडतात. डोंगर कापून रस्ता किंवा रेल्वे नेली आहे तिथे पाहावे. आडव्या थरांना छेदून एखादा काळा पट्टा सरळ वर गेलेला दिसला, तर ती अशी भिंत असू शकते. गाडीतून जाताना मी अजून खिडकी सोडत नाही. शेजारचा प्रवासी समजतो, म्हातारा समुद्र शोधतोय.

मग मुले हुशारीने विचारीत, "सर, जाळ नाही तर पालीजवळ उन्हेऱ्याला पाणी गरम कसे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या बोलीत ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, त्यावरूनच ही नावे पडली. पावसाचे पाणी भेगांतून फार खोल जाते. खोल जावे तसतशी पृथ्वी मुळातच ऊन होत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते, इतकेच. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, त्या भागातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी अलीकडे ३ किलोमीटर खोल भोक पाडले आहे. त्यात लाव्ह्याचे थर एक-सव्वा किलोमीटरमध्येच संपले आणि खाली लागला थंडपणे बसलेला जुना ग्रॅनाइट. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा.

हे सगळे मला तोंडपाठ होते, आणि त्यानेच एकदा माझा घात होत होता. जुलै २०२१ ची गोष्ट. महाड तालुक्यात तळिये गावावर २२ तारखेला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर आठवडाभराने रोह्याच्या डोंगरउतारावरच्या एका वाडीतून निरोप आला, गुरुजी, एकदा येऊन जा. गेलो. वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला चीर पडली होती आणि पहाटे तिच्यातून वाफ निघताना लोकांनी पाहिली होती. एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "गुरुजी, डोंगराच्या पोटात जाळ हाय का?"

मी हसलो. वर्गात सांगायचो ते सगळे सांगितले. पहाटे बाहेरची हवा गार, जमिनीतली दमट आणि उबदार, म्हणून वाफ दिसते. जाळबीळ काही नाही, निर्धास्त झोपा. चहा घेतला आणि मी निघालो.

घरी आलो, जेवायला बसलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. अरे, जाळ नाही हे खरे, पण चीर तर आहे! पाऊस त्या चिरीतून आत जाणार, वरचा मुरूम आणि माती भिजून जड होणार, आणि खालच्या घट्ट कातळावरून ते सगळे घसरणार. तळियेला काय झाले ते आठवडाभर वाचत होतो. त्यांनी भिऊन योग्य माणसाला बोलावले होते आणि त्या माणसाने त्यांची भीती घालवली होती. ताट तसेच ठेवून तलाठ्यांना फोन केला. रात्री दहाला पावसात पुन्हा वाडीवर. "दुपारी झोपा म्हणालात आणि आता उठा म्हणता?" असे एक जण बोललाच. त्याचे काय चुकले? घरे रिकामी करून सगळे खालच्या शाळेत राहिले, पंधरा दिवस.

डोंगर आला नाही. काही जण अजून मला त्यावरून चिडवतात. चिडवोत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, त्या आठवड्यात मला कोणी चिडवले नाही.

चिरीच्या दोन्ही अंगांना आम्ही लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. मधले अंतर दर पावसाळ्यात आठवड्याला दोरीने मोजायचे आणि शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायचे. चिरीच्या वर पाणी वळवायला चर खणला आहे. वरची झाडे वाकली का, झरा गढूळ झाला का, हे गुराखी पोरे पाहतात. त्या आजींचे घर आता खाली सपाटीला आहे. मी गेलो की त्या आधी विचारतात, "किती झालं?" भिंतीवरचा शेवटचा आकडा आहे एक हात आणि दोन बोटे. पहिला होता एक हात.