दोन वेळचे जेवण आणि आपले हृदय



मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो, त्याला कारण आमचे दाजी.

सन 2018 च्या सुमारास डोंबिवली लोकलमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी 'दीक्षित डाएट' होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवला. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवायचे आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. उलट ऋजुता दिवेकर सांगत, थोडे थोडे, पण वरचेवर खा. यावरून आमच्या गाडीत रोज सकाळी दोन पक्ष पडत!

दाजी कल्याणला राहतात. त्यांनी दोन जेवणांचा नेम धरला आणि चार महिन्यांत आठ किलो वजन उतरवले. वजन उतरले की रक्तदाबही काहीसा उतरतो, हे खरेच. पण दाजींनी आपल्याच मनाने रक्तदाबाची गोळी बंद केली. एके दिवशी ठाणे स्टेशनचा जिना चढताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेले तेव्हा वरचा दाब 190 होता. वाचले. आज समोरच बसले आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहे.

पुढे एकदा मी त्यांचे ताट पाहिले. वेळ अगदी पाळलेली, पण ताटात लोणचे, पापड, खारा मासा आणि वर मूठभर फरसाण. आता रात्रीपर्यंत काही नाही, म्हणून सारे एकदमच! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. जादा मिठाने दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबापुढे हृदयाला रात्रंदिवस जास्त राबावे लागते. घड्याळ पाहून जेवल्याने ताटातले मीठ कमी होत नाही.

कोणी म्हणेल, भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, त्यांना कुठे काय होते? अहो, तो त्यांचा विनय आहे, वजन उतरवण्याचा उपाय नव्हे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर फारच जपावे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना जेवण लांबवले, तर साखर एकदम खाली येते. डॉ. दीक्षित स्वतः सुरुवातीलाच रक्ततपासणी करायला सांगतात. आपण नेमके तेवढेच ऐकत नाही.

दाजी आजही दोनदाच जेवतात. गोळी मात्र रोज सकाळी ताई स्वतः हातावर ठेवते, आणि पापडाचा डबा तिने माळ्यावर टाकला आहे.