घडीवर टिकणारा नकाशा

आज मी रायपूरच्या शंकर नगरातून बोलतोय. विषय छोटा आहे, पण परदेशात स्वतः गाडी चालवायचं ठरवलं असेल तर कामाचा आहे. घडीचा, कागदी रस्ते-नकाशा कसा निवडायचा?

पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच: मोबाइल असताना कागद कशाला? मोबाइल न्याच. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवला तर नेटवर्क नसतानाही चालतो. पण डोंगरातल्या दरीत, थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि फोन एकच असतो. दुसरं म्हणजे, मोबाइल आपल्याला पुढचं वळण सांगतो, प्रदेश दाखवत नाही. पुढचा घाट बंद असेल तर कुठल्या गावावरून वळसा घालायचा, हे चौघांनी बॉनेटवर नकाशा पसरून बघितलं की दोन मिनिटांत कळतं.

आता निवड. सगळ्यात आधी प्रमाण बघा. १:१०,००,००० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा किलोमीटर. रायपूर ते दुर्ग साधारण चाळीस किलोमीटर. या नकाशावर ते चार सेंटिमीटर होईल. शंकर नगर ते तेलीबांधा तलाव एखाद-दोन मिलिमीटर, म्हणजे दिसणारच नाही. तेच १:२,००,००० घेतलं तर रायपूर-दुर्ग वीस सेंटिमीटर, मधली गावं आणि फाटे सगळे दिसतात. म्हणून अख्खा देश ओलांडायचा असेल तर दहा लाखांचा किंवा त्याच्या आसपासचा, आणि एकाच भागात आठवडाभर हिंडायचं असेल तर दोन लाखांचा. १:५०,००० हा पायी फिरणाऱ्यांचा नकाशा. गाडीत तो अर्ध्या तासात संपतो.

दुसरं, आवृत्तीचं साल. हे आपल्याला रायपूरकरांना वेगळं शिकवायला नको. १ नोव्हेंबर २००० च्या आधीचा नकाशा उघडा, रायपूर मध्य प्रदेशात दिसेल. मुंबई-कोलकाता रस्त्याला अजून कित्येक लोक एनएच सहा म्हणतात. २०१० मध्ये क्रमांक बदलले आणि आपल्याकडून जाणारा तो रस्ता त्रेपन्न झाला. रस्ता तोच, पाटी वेगळी. परदेशात अशी पाटी समोर आली की माणूस गोंधळतो. म्हणून मुखपृष्ठावर जाऊ नका, नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं साल शोधा.

तिसरं, नावं कुठल्या भाषेत आहेत? आपण म्युनिक म्हणतो, तिथल्या पाटीवर मुन्शेन. व्हिएन्नाच्या पाटीवर वीन, फ्लॉरेन्सच्या पाटीवर फिरेन्झे. नकाशात स्थानिक नाव हवंच. ग्रीस, जॉर्जिया, जपान अशा वेगळ्या लिपीच्या देशांत दोन्ही लिपींत नावं असलेला नकाशा घ्या. नेपाळात आपली मजा आहे. देवनागरी पाटी आपण थेट वाचतो.

आता मुख्य मुद्दा, टिकाऊपणा. नकाशा फाटतो कुठे? घडीवर. आणि घडीवरही सगळीकडे नाही. आडवी घडी आणि उभी घडी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आधी भोक पडतं. आपल्या घरातल्या बायकांना हे कधीचं माहीत आहे. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली तर ती घडीवरच विरते, म्हणून अधूनमधून घडी बदलतात. नकाशाची घडी बदलता येत नाही, म्हणून कागद तरी तसा हवा.

कागदाचे ढोबळमानाने दोन प्रकार. साधा कागद: स्वस्त, पेन्सिलीने लिहिता येतं, पण पावसात गेला की गेला. दुसरा सिंथेटिक कागद, म्हणजे प्लॅस्टिकपासून केलेला: पाण्याने भिजत नाही, हाताने सहज फाटत नाही. जर्मनीतल्या राइजे नो-हाऊचे नकाशे आणि नॅशनल जिओग्राफिकचे अ‍ॅडव्हेंचर नकाशे अशा कागदावर येतात. त्याचेही तोटे आहेत. थोडा निसरडा असतो, साध्या पेनची शाई पुसली जाते. खुणा करायला ऑइल बेस मार्कर न्या.

'मग साधा नकाशा लॅमिनेट करून घेऊ का?' असं पुष्कळजण विचारतात. नको. झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन ओळखपत्रासाठी ठीक. घडीवर ते कडक होतं, तडकतं आणि खालच्या कागदालाही घेऊन जातं. त्यापेक्षा प्रवासाला निघायच्या आधी, नकाशा नवा असतानाच, मागच्या बाजूने घड्यांच्या छेदांवर पारदर्शक चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. मात्र नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला असेल तर मॅट पट्टी घ्या, म्हणजे खालचं वाचता येईल. जुन्या काळी नकाशाचे चौकोनी तुकडे करून, मध्ये बारीक फट सोडून कापडावर चिकटवत. घडी कापडावर पडायची, कागदावर नाही. युक्ती तीच.

घडीचाही विचार झालेला आहे. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी तिरक्या रेषांची एक घडी शोधली. दोन कोपरे धरून ओढले की अख्खा कागद उघडतो, ढकलला की मिटतो. १९९५ मध्ये सोडलेल्या जपानी अंतराळयानात सौर पॅनेलसाठी ही घडी वापरली गेली. काही नकाशेही तसे मिळतात. नसेल तर साधी, पंख्यासारखी घडी बघा, जिच्यात पूर्ण न उघडता हवा तो भाग वर काढता येतो.

शेवटचा मुद्दा नीट ऐका, कारण इथे पैशापेक्षा जास्त काही अडकू शकतं. भारतात परतताना सीमाशुल्काच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत, भारताच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आणि साहित्य, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. फ्रान्सच्या नकाशात भारत येतच नाही, तिथे काळजी नाही. पण आशिया, हिमालय, नेपाळ यांच्या परदेशी नकाशांत काश्मीरची रेषा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळेलच असं नाही. नेपाळने २०२० मध्ये काढलेल्या अधिकृत नकाशात कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा त्यांच्याकडे दाखवले आहेत. आपल्याकडून वाराणसी, गोरखपूर करत सोनौलीला गाडीने जाणारे पुष्कळ आहेत. काठमांडूत घेतलेला नकाशा आठवण म्हणून घरी आणायचा मोह होतो. त्याऐवजी आपल्या खुणा वहीत उतरवून घ्या आणि नकाशा तिथेच पुढच्या प्रवाशाला देऊन या. टपालाने मागवलेल्या नकाशालाही हाच नियम लागतो.

तर यादी करून ठेवा: प्रमाण, साल, भाषा, कागद, घडी आणि सीमा. नकाशा हातात आला की निघायच्या आठ दिवस आधी जेवणाच्या टेबलावर उघडा. रोजचा मुक्काम पेन्सिलीने किंवा मार्करने गोल करा. मुलांना सूची बघून गावं शोधायला सांगा. आणि ज्याच्या हातात प्रवासात नकाशा राहणार आहे, त्याला तो एकदा पूर्ण उघडून परत त्याच घडीत मिटवायला लावा. चालू गाडीत ते पहिल्यांदा करू नये.

प्रवास सुखाचा होवो. भेटूया पुढच्या भागात.