दाखल्यावरील शेरा



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तेथे बहुधा ‘चांगली’ लिहितात व तो कोणी वाचीतही नाही. परंतु निराळा शब्द पडला की महाविद्यालयातील कारकुनाची नजर नेमकी तेथेच अडते.

आमच्या शाळेत दाखले लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. १९९१ साली, बाके मोडल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या आपल्याच ज्ञातीतील एका मुलाच्या दाखल्यावर, पक्षपाताचा आळ नको म्हणून, मी ‘असमाधानकारक’ असे लिहिले. दोन ठिकाणी त्याला नकार मिळाला. वडील मजकडे आले. ते रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

दाखल्यात खाडाखोड चालत नाही. म्हणून घडलेली गोष्ट, भोगलेली शिक्षा व त्यानंतरचे वर्तन मुलाने स्वहस्ते लिहून अर्जास जोडावे, असे मी सुचविले व सोबत माझे पत्र दिले. तिसऱ्या ठिकाणच्या प्राचार्यांनी त्याला समक्ष बोलाविले, खडसावून विचारले आणि प्रवेश दिला.

सुभाषबाबूंना १९१६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून काढून टाकले होते. १९१७ साली स्कॉटिश चर्चेस कॉलेजने त्यांना घेतले व १९१९ साली ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. (मुलांनी हा बाके मोडण्यास आधार समजू नये!)

पालकांनो, दाखला हाती येताच तो रकाना प्रथम वाचा. मुख्याध्यापकांना भेटावयाचे ते त्याच दिवशी. कोणास असे पत्र लिहावयाचे असल्यास मी सायंकाळी घरीच असतो.