आकाशाला पाडलेली भोकं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अपाचे पॉइंट वेधशाळेत, अडीच मीटर आरशाची एक दुर्बीण आहे. दुर्बिणींच्या जगात हा आकार काही फार नव्हे. हवाई बेटावर तेव्हा दहा मीटरच्या दुर्बिणी चालू होत्या. तरी 2000 साली या धाकट्या दुर्बिणीनं ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ नावाची आकाशाची मोजणीच अंगावर घेतली.

आधी छायाचित्रं. 30 सीसीडींचा कॅमेरा आकाशाचे पट्टेच्या पट्टे टिपत गेला आणि 2009 पर्यंत जवळपास एक-तृतीयांश आकाश टिपून झालं. 2011 साली त्या तुकड्यांचं जोडचित्र प्रसिद्ध झालं, त्यात लाख कोटींहून अधिक पिक्सेल होते. ते बारकाव्यांसकट बघायचं, तर सुमारे पाच लाख एचडी टीव्ही शेजारी शेजारी मांडावे लागतील!

पण नुसत्या फोटोवरून दीर्घिकेचं अंतर नीट कळत नाही. त्याला वर्णपट हवा, आणि खरी गंमत इथेच आहे. आकाशाच्या प्रत्येक भागासाठी अॅल्युमिनियमची वेगळी चकती बनायची. जिथे दीर्घिका, नेमकं तिथे भोक. ही भोकं पाडली जायची सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. मग वेधशाळेतले तंत्रज्ञ दिवसाउजेडी एकेका चकतीच्या 640 भोकांत एकेक प्रकाशतंतू हातानं खोचत बसायचे. कुठला तंतू कुठल्या भोकात गेला, हे लक्षात ठेवायची गरज नव्हती. ते यंत्र मागाहून शोधून काढायचं. रात्री चकती दुर्बिणीला लावली, की 640 वर्णपट एकदम. पुढे भोकं हजारावर गेली. वापरून झालेल्या कित्येक चकत्या शाळांना वाटल्या गेल्या, आणि आता खोचाखोचीचं काम रोबोंकडे आहे.

अशा हातकामातून वीस वर्षांत लाखो दीर्घिका आणि क्वेसार (दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांचा त्रिमितीय नकाशा उभा राहिला.

ही सारी माहिती जगाला खुली आहे, आणि त्याचा लाभ पुण्यानंही उठवला. ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेचे जयदीप बागची आणि आयसर पुणे इथले संशोधक यांनी याच नोंदी चाळून 2017 साली दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह जाहीर केला. नाव ठेवलं ‘सरस्वती’. मीन राशीच्या दिशेला, सुमारे 4 अब्ज प्रकाशवर्षांवर, 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. विश्व आजच्यापेक्षा 4 अब्ज वर्षांनी लहान असताना एवढं सगळं एकत्र जमलं कसं, हा प्रश्नही त्याच शोधाबरोबर पुढे आला.